माझ्या मापाची रायफल

माझी उंची चार फूट दहा इंच. सोळा वर्षं शाळेत शिकवतेय, तरी नववीच्या पोरींत उभी असले की नवे पालक मलाच विचारतात, "मॅडम कुठं आहेत?" अशी ही बाई हरणाच्या शिकारीला निघाली होती, हे आमच्या बेसाच्या कॉलनीत सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते.

माझा मोठा भाऊ खापरखेड्याला वेल्डर होता. तिथून कॅनडात गेला आणि तिकडचाच झाला. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात हरीण मारता येतं. लहानपणी उमरेडकडच्या आमच्या शेतात आम्ही दोघं संध्याकाळचे बाबांसोबत राखणीच्या माळ्यावर बसायचो. चितळं हरभऱ्यात शिरली की बाबा डबा वाजवून हाकलायचे. मारायचा प्रश्नच नव्हता, आपल्याकडे कायद्यानंच बंदी आहे. पण चितळं येईपर्यंतचं ते एकमेकांना चिकटून गप्प बसणं आम्हा दोघांना फार आवडायचं.

बाबा गेले त्या वर्षी भाऊ फोनवर म्हणाला, "पुढच्या सीझनले तू ये वं. झाडावर माळा बांधला म्या. दोघं बसू."

"मले बंदूक कुठं चालवता येते गा?"

"शिकवतो ना. पहिले तुह्या मापाची पाहू."

मग दर रविवारी सकाळी आमचं तेच सुरू झालं. पाहुण्याला तिथं काय चालतं, कोणते कागद लागतात, हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. त्यानं मला कोपर वाकवून आतल्या घडीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत टेपनं मोजायला लावलं. ते माप ऐकून तो म्हणाला, "दुकानातल्या रायफलीचा दस्ता, मागचं लाकूड, तुले दोन इंच लांब होते. खांद्याले टेकवला तर मान ताणून पाहा लागन. नेम कसा धरशीन?"

हुडकेश्वरच्या एका सुताराकडून मी त्या मापाची फळी कापून आणली. नाटकासाठी हवी म्हणून सांगितलं. पुढच्या टोकाला वाळूची पिशवी बांधून मी गच्चीवर ती खांद्याला लावून उभी राहायची आणि तो फोनमधून बघायचा. "मागे नको झुकू. वजन समोरच्या पायावर दे." दहा मिनिटांत हात थरथरायचे. तो हसायचा नाही. "थरथरू दे. पुढच्या हप्त्यात कमी होईन," म्हणायचा.

रायफल कोणती घ्यायची यावरून मात्र आमचं बिनसलं. तो लहान गोळीची म्हणत होता. मला त्याच्यासारखीच हवी होती, मोठी.

"हलकी रायफल आन मोठी गोळी, दोन्ही संगं नाही जमत वं. धक्का सारा खांद्यात येते. पहिल्या गोळीले लागलं का दुसऱ्या गोळीले माणूस डोळे मिटून घेते. मंग हरीण जखमी होऊन पळते, आन ते पाप जन्मभर डोक्यात राह्यते."

"माह्या वयाच्या बाया तिकडं मोठी चालवतात. म्या वाचलं."

"तुह्या अंगाच्या नाही चालवत."

आयुष्यभर हेच ऐकत आले होते. डोकं फिरलं. "तू मले अजून बी लहान पोरगी समजून राहिला काय? नाही येत मी. बस एकटाच तुह्या माळ्यावर."

मी फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी त्याचा आला, उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी आला नाही. मनात म्हटलं, बरं झालं, आता कळेल त्याला.

त्याच आठवड्यात तो गेला. कामावर, जेवायच्या सुट्टीत. डबा उघडला आणि बसल्या जागी कोसळला. मी वर्गात होते. वहिनीचा फोन मात्र मी पहिल्या रिंगलाच उचलला.

माझा व्हिसा आला नव्हता. त्याचं शेवटचं सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं, त्याच गच्चीवर उभी राहून.

दीडेक महिन्यानं वहिनीनं एका रायफलीचा फोटो पाठवला. लहानशी होती, दस्ता मागून कापलेला, टोकाला नवीन रबर बसवलेलं. मी फोन केला.

"ही कोणाची?"

"तुमचीच. तुम्ही फोन ठेवला ना, त्याच आठवड्यात आणली त्यांनी. रोज कामावरून आले की गॅरेजमध्ये बसून तो दस्ता घासत राहायचे. मी म्हणायची, अहो, ताईंना सांगा तरी. तर म्हणे, तयार झाली का दाखवतो, मंग तिचा राग जाईन."

मग वहिनी हळूच म्हणाली, "माझ्याकडे परवाना नाही ताई. घरात ठेवता येत नाही. काय करू?"

देऊन टाका म्हटलं. भावासोबत काम करणाऱ्या एकाची बायको ठेंगणी आहे, तिच्याकडे ती रायफल गेली. ती बाई यंदा शिकारीला गेली की नाही, वहिनीला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आई माझ्याकडेच असते. तिला ऐकू कमी येतं, आणि रायफलीचं हे सगळं तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. तो फोटो आला त्या दिवशी मी वहिनीचा फोन ठेवून नुसती बसून राहिले, तेव्हा ती जवळ आली. "तुह्यासाठी काही ठेवून गेला काय वं तो?"

मी हो म्हणून मान हलवली. काय, ते तिनं विचारलं, आणि मी तिच्या मांडीत तोंड खुपसून रडले.