पूजेबाहेरचा पाना

जनू मेस्त्री गेला तेव्हा त्याच्या नखांत ऑईल तसंच होतं.

आंघोळ घालताना पोरांनी साबणानं घासलं. निघालं नाही. मी म्हटलं, राहू द्या रे, ती त्याची मेंदी आहे.

आषाढात गेला. आज खंडेनवमी. त्याच्याशिवायची पहिली.

काही वर्षांपूर्वीची अशीच नवमी. आमची रेखा पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, पोशीरला आलेली. बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, थेट कर्जत गाठायचं.

दुपारी कळा आल्या. अँब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. मी माझी व्हॅन काढली. मागे रेखा, तिचं डोकं आमच्या हिच्या मांडीवर.

अर्ध्या वाटेत ऑईलचा लाल दिवा लागला.

मागे बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ. चारच दिवसांपूर्वी शिळफाट्यावर एका दुकानात घाईत फिल्टर बदलून घेतला होता. तसंच दामटलं असतं तर इंजिन जाम होऊन गाडी रानात उभी राहिली असती.

नशीब, वळणावरच जनूचं गॅरेज. उताराला इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली ती त्याच्या दारात.

जनू धुतलेला सदरा घालून बसलेला. फळीवर सगळी हत्यारं मांडलेली, हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्याकडं नवमीला हत्यारं पूजेला बसतात. दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत पान्याला हात नाही.

मी काही बोलायच्या आत त्यानं मागच्या सीटकडं बघितलं आणि सदऱ्यासकट गाडीखाली शिरला.

आणि पुसत बसला.

"अरे जनू, पुसतोस काय? पोरगी अडलीय."

"पुसल्याबिगर कुठनं येतंय ते कसं कळंल, नाना? वरनं गळत आसंल आन् मी खाली फिल्टर बदलीत बसलो तर? एकदा चालू करा. बास, बंद."

फिल्टरच्या कडेनंच पिचकारी उडाली.

कंबरेचा पट्टा काढून त्यानं फिल्टरला वेढला, ओढला. ऑईलनं सटकला. परत वेढला. परत सटकला. गरम ऑईल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

मागून रेखा ओरडली.  

जनू बाहेर आला आणि फळीसमोर उभा राहिला. फिल्टर सोडवायचा साखळीचा पाना मधोमध होता, त्याच्यावर फूल. त्याचा बाप म्हणायचा, पूजेतलं हत्यार उठवलं की धंदा बसतो. जनूचा हात पुढे झाला, थांबला.

सुमनवहिनी दारात होत्या. जनूची बायको. पुढे आल्या, फूल बाजूला केलं आणि पाना त्याच्या हातात दिला.

"आज देवीचा दिस हाय. तिच्या दारात बाईच्या कळा अडल्यात. तिला राग यायचाच आसंल तर माज्यावर येऊंदे."

पान्याच्या एका हिसक्यात फिल्टर सुटला. जनूनं इंजिनाला बोट लावलं आणि शिवी हासडली. जुन्या फिल्टरचं रबर तिथंच चिकटलेलं. दुकानदारानं ते न काढता त्याच्यावर नवा चढवला होता. रबरावर रबर. गळणारच ते.

नव्या फिल्टरचं रबर चेपून गेलेलं. जनूकडं दुसरा एकच होता. मी म्हटलं, "बसतोय ना? लाव."

"आटे बसतात ओ. पन रबर बारीक हाय, कडेला टेकत नाय. मदीच निसटलं तर पोरीला कुठं उतरवाल?"



जनू अंगणात बघत होता. तिथं त्याची स्वतःची व्हॅन, माझ्यासारखीच. गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला, आणि तशातही बॉनेटवर हार. मेस्त्री म्हणजे दिव्याखाली अंधार. पण फिल्टर नवाकोरा होता. हार बाजूला न करताच तो खाली शिरला आणि फिल्टर काढून आणला.

रबर रबराला लावून बघितलं. तेच माप.

चिकटलेलं जुनं रबर खरवडून काढलं, इंजिनाची कडा पुसली, रबराला बोटानं ऑईल लावलं, फिल्टर हातानंच फिरवला. रबर टेकल्यावर पाऊण फेरा. "पान्यानं आवळला की रबर फाटतं," हे तो मला नाही, स्वतःलाच सांगत होता. कॅनमधलं ऑईल ओतलं आणि परत खाली शिरला.

"चालू करा."

लाल दिवा विझला. मी गिअर टाकणार तर खालून हात बाहेर आला. थांबा.

रेखा आईला म्हणाली, "आये, मला नाय व्हत आता." आमची ही नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

तो हात काही खाली जाईना.

मग गेला. "सुका हाय. जावा."

कर्जतला रेखाला सरळ आत नेलं. आज तिची पोर शाळेत जाते.

संध्याकाळी जनूला फोन केला. "जनू, नात झाली रं. दोघी सुखरूप."

"झ्याक झालं," तो म्हणाला. "फिल्टर सुका हाय का?"

दसऱ्याला त्याची गाडी तशीच उभी राहिली. धंदा काही बसला नाही.

पुढच्या नवमीपासून जनू एक पाना पूजेत ठेवत नसे. बाहेर, स्टुलावर. कोणी विचारलं तर म्हणायचा, "देवीला म्हाईत हाय. कुनाचं कवा अडंल, सांगता येतं का?"

आज सकाळी त्याच्याकडं जाऊन आलो. वहिनींनी फळी मांडलेली, हळदकुंकू, झेंडू, सगळं जिथल्या तिथं.  मी स्टुलाकडं बघितलं.

जनू, सुखानं जा बाबा.

पाना बाहेर ठेवलाय वहिनींनी.