दोन टर्नबुल रोड

अर्धी सफरचंदं सोलून पातेल्यात पडली होती, अर्धी टोपलीत तशीच, आणि व्हर्नाने सुरी खाली ठेवली. काल चर्चमधून आल्यापासून ती धुसफुसत होती. मी शेजारीण, साली गोळा करत राहिले.

आमच्या तीन टाउनशिप, म्हणजे शेजारशेजारचे गावगट, सरकारने एकत्र केल्या, तेव्हा टर्नबुल रोड दोन निघाले. फार पूर्वी इथे वसलेल्या दोन टर्नबुल भावांपैकी एकाने नदीच्या अलीकडचं जंगल तोडलं होतं, दुसऱ्याने पलीकडचं. व्हर्ना धाकट्या घरची सून, म्यूरिएल पलीकडच्या थोरल्या घरची. जत्रेत जॅमला पहिला नंबर म्यूरिएलचा, चर्चमध्ये गाताना पुढची जागा म्यूरिएलची. तिच्या बरोबरीचं व्हर्नाकडे एकच होतं, ती कोपऱ्यावरची टर्नबुल रोडची पाटी.

हिवाळ्यात गॉर्डनच्या, म्हणजे व्हर्नाच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, तर अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडच्या टर्नबुल रोडला गेली. म्यूरिएलच पुढे गाडी घालून तिला इकडे घेऊन आली. देवाच्या दयेने गॉर्डन वाचला. व्हर्नाने आभार मानले, पण ओठ आवळून.

मग कौन्सिल म्हणालं, एक नाव जाणार. जिथे घरं जास्त, तिथे राहणार. घरं पलीकडे जास्त. आपल्या रस्त्याचं नाव राहावं म्हणून व्हर्ना दारोदार फिरून सह्या घेत होती. आणि काल प्रार्थनेनंतर कॉफी पिताना म्यूरिएलने सगळ्यांदेखत तिचा हात धरला. म्हणाली, नाव तुम्हीच ठेवा गं, आम्हाला दुसरं काहीही चालेल, उद्या संध्याकाळच्या बैठकीत मी सांगते तसं. पाद्रीबाबांचे डोळे भरून आले.

"आता नावसुद्धा दान करतेय मला," व्हर्ना म्हणाली. "जन्मभर लोक म्हणणार, म्यूरिएलचं मन केवढं. आणि मी रोज त्या पाटीखालून जायचं?"

मी म्हटलं, अगं, हवं होतं तेच मिळतंय ना?

"भांडून हवं होतं. तिच्या ताटातलं उरलेलं नको मला."

तिच्या मनातलं हे विष उतरावं म्हणून मी सकाळीच प्रार्थना केली होती. देवाच्या मनात वेगळंच असावं.

दारातून गॉर्डन म्हणाला, मग मेपल रोड ठेव.

"तसले तिन्ही टाउनशिपमध्ये निघतील. तुम्ही गप्प बसा."

तिने हात धुतले, कोट चढवला आणि मला म्हणाली, चल. कौन्सिलच्या कचेरीत जायचं होतं, बैठकीच्या आधी, आमच्या रस्त्याचं नाव आम्हीच सोडतो हे लिहून द्यायला.