औषध न लागलेले नाकतोडे

टोमॅटोच्या फवारणीचा उग्र वास आला की मी हातातलं काम टाकून आधी खिडक्या लावते, आणि दरवेळी मला तेच दिवस आठवतात. खोडदच्या आमच्या खोलीतला भाडेकरू बदली होऊन गेला आणि हौसेने पाळलेली पिवळी, ठिपक्यांची पाल काचेच्या पेटीत तशीच सोडून गेला. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या, शेपटी सुतळीसारखी झाली होती. जुन्नरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जिवंत किडे द्या, पण औषध मारलेल्या रानातले नकोत. झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली. ज्या बांधावर जावं तिथे तेच. "कालच मारलं की वहिनी. पण किडं कशाला पायजेत तुमाला?" घरी यायचं, पेटीत डोकावून तिचं पोट हलतंय का बघायचं आणि पुन्हा चप्पल घालायची. भिंतीवर पाल दिसली की झाडू उचलणाऱ्या सासूबाई हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. एका संध्याकाळी गाईसाठी लसूणघास कापून आल्या आणि पदराची गाठ माझ्यापुढे सोडली. आत नाकतोडे वळवळत होते. "गाय खाती त्या घासाला कुनी औषध मारतं व्हय? लई वणवण केलीस. मला इचारायचं तरी." पालीने मान उचलली, नाकतोड्यावर नजर रोखली आणि झडप घातली. आता तिची शेपटी बोटाएवढी जाड आहे. गाय कधीच विकली. पण घासाचा एक वाफा सासूबाईंनी अजून ठेवलाय, आणि शेजारी फवारणी सुरू झाली की त्या वाफ्यापाशी जाऊन उभ्या राहतात.