मोठ्या अंगाची जनावरं

कुठलंही जनावर दिसलं की डॉक्टर कापड मापल्यासारखे दोन्ही हात फाकवत, त्याची लांबी हवेत धरत आणि मला विचारत, "आता सांगा वहिनी, हिला पिल्लं किती?"

मुलांनो, वेस्ट विंडसरमध्ये आमच्या समोरच्या घरात हे डॉक्टर एकटे राहत. मूळचे नागपूरचे, जनावरांचे डॉक्टर. इथल्या डेअऱ्यांमध्ये त्यांनी आयुष्यभर अडलेल्या गायी मोकळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर लायब्ररीच्या सेलमध्ये त्यांना प्राचीन ग्रीकांच्या प्राणिविचारांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि तेव्हापासून मेलबॉक्सपाशी माझी शिकवणी सुरू झाली. शरीराकडची सामग्री ठरावीक असते, असं ग्रीकांना वाटे. ती अंग वाढवण्यात गेली की संततीला उरत नाही. म्हणून हत्तिणीला एक आणि उंदरिणीला डझनभर. डॉक्टर स्वतः सहा फूट तीन इंच, आणि एकुलती एक मुलगी जवळजवळ तेवढीच उंच. "आमचं सगळं अंगातच गेलं, वहिनी," असं म्हणून ते हसत.

मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असते. चाळिशीला आलेली असताना तिला दिवस गेले, तेही जुळ्यांचे. तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी खिचडीचा डबा द्यायला गेले होते. मी अभिनंदन केलं. डॉक्टर मात्र म्हणाले, ज्या जनावराला एकच व्हायचं त्याला दोन झाली, तर ग्रीक त्याला निसर्गाचं चुकणं म्हणत. मग पोटात जुळी असलेली गाय शेवटच्या दिवसांत कशी खाली बसते आणि उठतच नाही, ते सांगू लागले. तिने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी गाय नाहीये. परत हा विषय काढलात, तर मी फोन करणार नाही."

पत्नी गेल्यापासून रविवारचा तो फोन एवढंच त्यांना होतं. त्यांनी शब्द दिला. त्यानंतर त्यांचं मापणंही थांबलं. एकदा हरिणी पाडसं घेऊन लॉनवर आली, तर त्यांनी खाली पाहिलं.

सातव्या महिन्यातल्या एका रविवारी मी पुन्हा तिथे होते. मुलगी पाळण्याबद्दल बोलत होती, हसत होती. डॉक्टर स्क्रीनकडे इतके वाकले की मला त्यांची पाठच दिसत होती. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"तिची अंगठी पाहिलीत?" त्यांनी विचारलं. "गळ्यातल्या साखळीत घातलीय. बोटात जात नाही. डोळ्यांखाली सूज आहे. डोकं दुखतं असं दोनदा म्हणाली. वहिनी, हे धोक्याचं आहे, मला ओळखू येतं."

मला सगळं रीतसर झालेलं आवडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, बुधवारी तिची अपॉइंटमेंट आहे, तिथे माणसांचे डॉक्टर आहेत, आणि तुम्ही शब्द दिलाय. गप्प राहिलेलंच बरं. एवढा मोठा माणूस, पण त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

सोमवारी दिवसभर त्यांच्या खिडकीचे पडदे उघडले नाहीत.

मंगळवारी सकाळी ते माझ्या दारात बॅग घेऊन उभे होते. नुकताच मुलीला फोन केला होता. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा म्हणाले, तर तिने फोन आपटला. मग त्यांनी जावयाला गाठलं आणि तो तिला घेऊन निघाला. "पुस्तकाचं सोडा, वहिनी," ते म्हणाले, "मी गायी पाहिल्यात." टॅक्सी आली आणि ते गेले.

ते विमानात असतानाच तिकडे ऑपरेशन करून बाळांना बाहेर काढावं लागलं. मुलगी वाचली. दोघांतलं एक बाळ वाचलं.

डॉक्टर परत आलेच नाहीत. घर तिथूनच विकलं. काही महिन्यांनी मी धीर करून फोन केला. ते दोन दिवस गेले नसते तर, असं मी विचारू लागले. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"रविवारचं तिला कधी सांगू नका," ते म्हणाले. "तिला वाटतं, मला मंगळवारी उमगलं. तिला दिलेल्या शब्दापायी मी दोन दिवस गप्प बसलो, हे तिला कळता कामा नये."

माझं नावही त्यांनी घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मुलगी अधूनमधून मला फोन करते. "काकू, बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याच मिनिटाला फोन केला," असं प्रत्येक वेळी म्हणते.

मी हो म्हणते.