चंद्रभानचं भिंग

वलगावच्या चंद्रभानची बैलजोडी म्हणजे नुसता वारा! शंकरपटाच्या शर्यतीत तिच्यापुढं टिकेल अशी जोडी पंचक्रोशीत नव्हती. पण हाकणारा? तांदळातला खडा त्याला लख्ख दिसायचा, अन् वीस हातांवरचा माणूस ओळखू यायचा नाही. जाड चष्मा होता. पण पटात धूळ उडाली की काचा भरायच्या, मग सगळा अंधारच.

पंचावन्न साली तर हद्द झाली. पटाच्या शेवटी लाल झेंडी असते, ती ओलांडेस्तोवर बैलं दामटायची. चंद्रभानला लाल दिसलं, त्यानं कासरे आवळले. ते निघालं कडेला उभ्या उत्तमरावांचं पागोटं! खरी झेंडी अजून पन्नास हात पुढं. लोक हसून हसून लोळले. पुढं महिनाभर त्याला कोणी रामराम घातला नाही, "पागोटं आलं काय?" एवढंच विचारायचे.

तशात एक दिवस चिंतामण मास्तरांनी हॉटेलात पेपर वाचून दाखवला. युरोपात म्हणे दूरचं न दिसणाऱ्याच्या डोळ्यातच भिंग बसवतात, चष्म्याची गरजच नाही! चंद्रभानचा चहा बशीतच राहिला. डोळ्याच्या आत धूळ कशी जाणार? दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं गडी अमरावतीला, डोळ्यांचे डॉक्टर मोरोपंत यांच्या दारात.

"मले भिंग बसवून द्या, डाक्टरसाहेब. आत्ताच!"

"इथं कोण बसवणार? अन् तिकडं ज्यांना बसवलं त्यांच्या डोळ्यांचं दहा वर्षांनी काय होतं, ते तर पाहू द्या."

"दहा वर्सं? तवर बैलं म्हातारे होतीन ना, बापा!"

चंद्रभान जाम चिडला. तरी दर दिवाळीनंतर जायचा, "काय म्हणतेत भिंगवाले?" विचारायचा अन् डॉक्टरच्या भित्रेपणाला शिव्या घालत परतायचा. त्याची जोडी दुसराच कोणी हाकायचा. हा कडेला उभा राहून ओठ चावायचा.

पासष्ट साली मोरोपंतांनी एक विलायती मासिक उघडून त्याला वाचून सांगितलं. भिंग घातलेल्या कित्येकांची बुबुळं काही वर्षांत धुरकटली होती. बरीच भिंगं परत काढावी लागली; काहींचे डोळे गेले ते गेलेच.

 चंद्रभाननं डॉक्टरांचे पायच धरले. परतताना मात्र मोटारीत ढसाढसा रडला. डोळे वाचले, पण पट कायमचा गेला!

घरी बायकोनं, वच्छलेनं, सगळं ऐकून घेतलं. "रडता काहून? कान हायेत ना जागेवर? मी झेंडीपाशी उभी राहून आवाज देतो."

संक्रांतीनंतरचा पट. बाया तिकडं फिरकतही नसत, अन् वच्छला पदर खोचून झेंडीखाली उभी! चंद्रभाननं नवी जोडी सोडली. धूळ उसळली, काचा भरल्या. "अजी! अजी!" वच्छला ओरडत होती, पण शेकडो गड्यांच्या गलक्यात तिची "अजी" कुठली ऐकू येते? चंद्रभानचे हात आवळू लागले. थांबायचं की अजून हाणायचं?

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. उखाण्याबाहेर वच्छलेनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"चंद्रभान! ए चंद्रभान! अजून हाय, हाण!"

सारा पट चिडीचूप झाला, अन् तिचं पुढचं "हाण!" लख्ख ऐकू आलं. चंद्रभाननं कासरे सैल सोडले, अन् जोडी त्या आवाजाच्याही पुढं निघून गेली.