अठरा दगडांची तालीम

आमच्या बीड जिल्ह्यात दाजींइतका रागीट माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवीही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावच्या सहकारी सोसायटीचं गोदाम सांभाळायचे. उभ्या आयुष्यात मी त्यांना एकदाच, चिडायचं कारण असून न चिडता बसलेलं पाहिलं, आणि त्याला कारण मी होतो. ते पुढं सांगतो. आत्ताच सांगायला गेलो तर बाकीचं लिहून होणार नाही.

दाजी सकाळी तोंड धुवायच्या आधी एकदा चिडून घेत. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की निवेदकाला उलट उत्तरं देत. पण त्यांचा खरा राग दगडांवरून असे. ओढ्याकाठी महादेवाचं फार जुनं, पडलेलं देऊळ होतं. त्याचे कोरीव दगड गावानं कधीचेच घरोघर वाहून नेले होते. कुणाच्या उंबऱ्याला नर्तकी, कुणाच्या न्हाणीत हत्ती, आणि एका गोठ्यात तर लढाईत पडलेल्या वीराच्या दगडाला शेळी बांधलेली. दाजी अशा दगडावर कधी पाय देत नसत. धोतर सावरून त्यावरून उडी मारत आणि पलीकडे पोचले की घरमालकाला सुनावत, "तुमच्या आजोबाला असं पालथं निजवून वर चपला काढता का वो?"

स्वतःच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. आमच्या दारातली पायरी देवळाची आहे हे त्यांनी घोड्यावरूनच ओळखलं आणि नवरदेव खाली उतरेना. लोकांना वाटलं, सायकल पाहिजे असेल. वडिलांनी घाईघाईनं सायकल कबूलही करून टाकली. दाजी भडकले. "सायकल कुणाला पाहिजे? दगड उलटा करा." चौघांनी पहार लावून दगड उलटला. खालून फुटक्या नाकाची एक बाई निघाली. दाजींनी तिला उपरण्यानं पुसलं, आणि मग, मुहूर्त टळून गेल्यावर, माझ्या बहिणीकडे पाहिलं. ताई अजून म्हणते, "आधी तिचं तोंड बघितलं, मग माझं."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, सोसायटीचं गोदाम रिकामं झालं आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलं. रस्ता होत होता तो नव्या सहकारी साखर कारखान्याच्या जागेपर्यंत. प्यायला पाणी नव्हतं आणि उसाचा कारखाना निघत होता, याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. मी कामावर हजेरी मांडत होतो. खडीचा ढीग मापात बसला तरच दिवस भरायचा. म्हणून जवळचा दगड आधी संपला, आणि लोक देवळाकडे वळले.

दाजी तिथं पोचले तेव्हा एक म्हातारी नर्तकीच्या गुडघ्यावर हातोडा मारत होती. ते ओरडायला लागणार तोच ती म्हणाली, "पाप लागंल, ठावं हाय मला. पर माप न्हाई भरलं तर नातवंडांला काय घालू, दाजी?" मी पाहत होतो. दाजींचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्यांनी तिच्या हातातला हातोडा घेतला, लांबून साधे दगड वाहून आणले आणि दुपारपर्यंत तिचा ढीग स्वतः फोडून दिला. उठले तेव्हा हाताला फोड आले होते. तेव्हा कुठं त्यांना चिडायला सवड मिळाली, आणि ते थेट ओव्हरसियरच्या तंबूत शिरले. बालाघाटाचा डोंगर चार मैलांवर उभा होता, सगळाच्या सगळा दगडाचा. पण तिथून वाहून आणायची तसदी कुणी घेईना. ओव्हरसियर म्हणाला, "नियमात मूर्ती अन् दगड वेगळे न्हाईत."

त्या आठवड्यात दाजींनी नाटक लिहिलं. गुळाच्या पुड्याला आलेल्या जुन्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं, की महायुद्धात परदेशातल्या लोकांनी संग्रहालयातल्या मूर्ती खाणींत नेऊन लपवल्या होत्या. हे वाचल्यापासून त्यांना झोप नव्हती. "लढाईत वाचवलं लोकांनी. अन् आपण शांततेत फोडतोय." नाटकात एका गावावर लष्कर चालून येतं, गावकरी देवळातल्या मूर्ती धान्याच्या पेवात पुरतात, आणि सेनापतीनं कितीही मारलं तरी देवळाचा राखणदार पेव दाखवत नाही. राखणदार मी. पुजारी इस्माईलभाई, इंजिनं दुरुस्त करणारे. विहिरी आटल्यामुळे त्यांनाही काम नव्हतं. इस्माईलभाईला सेनापती करा, असं कुणीतरी सुचवलं तर दाजी त्याच्या अंगावर गेले. "लष्कर म्हंजे लष्कर. त्याला जात नसती. सेनापती कारखान्याच्या चेअरमनचा भाचा हुईल, त्याला दम द्यायची सवय हाय."

नाटकाला सामान लागतं. दाजींनी ओव्हरसियरकडे रीतसर अर्ज केला आणि देवळातले उरलेले अठरा कोरीव दगड बैलगाडीनं नेले. लगदा-मातीच्या मूर्ती त्यांना चालणार नव्हत्या. अट एवढीच होती, की नाटक झालं की दगड परत. मग त्या नाटकाची तालीम सुरू झाली, आणि ती काही संपेना. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली आम्ही जमायचो. मी तहानेनं विव्हळायचो आणि दाजी ओरडायचे, "तू आत्ताच तांब्याभर पाणी पिऊन आल्यावानी विव्हळतूस." दुष्काळी कामावर सरकारी सुकडी खायला मिळत होती तेवढ्या बळावर मी एकेक प्रवेश चाळीसदा केला. इस्माईलभाईंनी एकदा हात जोडले. "दाजी, मंत्र पाठ झाले. झोपेत बोलतो तर बायको उठून बसती. आता तरी नाटक करा."

"तालीम अपुरी हाय," दाजी म्हणाले.

महिने गेले. दगड शाबूत होते. शेवटी ओव्हरसियरनं तारीखच ठरवून दिली आणि भर दुपारी, खडीच्या ढिगांवर बसलेल्या गावासमोर नाटक झालं. भाच्यानं मला खरोखरच मारलं. मी पेव दाखवलं नाही. बाया रडल्या. त्या म्हातारीनं भाच्याला चप्पल फेकून मारली. चेअरमननी माझ्या गळ्यात हार घातला. आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर दगड न्यायला आला तर दगड नव्हते. दाजी म्हणाले, "पुढचा प्रयोग सिरसाळ्याला हाय, सामान पुढं गेलं."

सिरसाळ्याला काही नव्हतं. दगड सोसायटीच्या रिकाम्या गोदामात खताच्या मोकळ्या पोत्यांच्या ढिगाखाली होते. हे दाजींना, इस्माईलभाईंना आणि मला, तिघांनाच ठाऊक होतं.

आठ दिवसांनी चेअरमननी मला घरी बोलावलं. चांगला मऊ बोलणारा माणूस. "पायाभरणीला मंत्री येणार, अन् रस्त्याचा शेवटचा तुकडा खडीवाचून उघडा पडलाय," ते म्हणाले. "कारखान्यात टाइमकीपर लागणार हाय. तुझ्यासारखा शिकलेला पोरगा कुठं शोधू मी?" मग चहा आला. मग त्यांनी विचारलं, "ते दगड कुठं असतील रे?"

मी सांगितलं. चहा निवलाही नव्हता. ज्या तोंडानं गावासमोर चाबूक खाऊन गप्प बसलो होतो त्याच तोंडानं सांगितलं, आणि मला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. चेअरमनवर राग धरून पाहिला, ओव्हरसियरवर धरून पाहिला, दुष्काळावरही. पण फिरून तो राग त्या कपाजवळ येतो, आणि कप माझ्या हातात असतो.

दाजींनी किल्ली स्वतः काढून दिली. अठराच्या अठरा दगड दोन दिवसांत फुटले. दाजी गोदामाच्या पायरीवर बसून होते. चिडले नाहीत. मी समोर गेलो तर वर पाहून म्हणाले, "नाटकात राखणदार लई चांगला केलतास तू."

पुढं मी टाइमकीपर झालो आणि बावीस वर्षं झाली, त्या रस्त्यानं सायकलवरून कामाला जातोय. दाजींचा राग परत आला, पहिल्यासारखाच खणखणीत. फक्त कारखान्याकडे यायचं असलं की रस्त्याच्या शेवटच्या तुकड्यावर ते चपला काढून हातात घेत. पुढं वर डांबर पडलं तरी. चैत्रात तापलेल्या डांबरावरून पाय उचलत उचलत चालत आणि उन्हाला शिव्या देत. फाटकावरचे लोक हसायचे. मी हजेरीच्या वहीत डोकं घालायचो.

दाजी गेले त्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाची बोलणी करायला गेलो तेव्हा ताईला मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"त्यांला तवाच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग मला काही बोलले कसे नाहीत?"

"मी पण तेच इचारलं. तर म्हणले, पोराचा काय दोष, तालीम आपलीच कमी पडली."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्या तुकड्यापाशी मी सायकलवरून उतरलो आणि चपला काढून कॅरियरला लावल्या. डांबर चांगलंच भाजत होतं.