कोरड्या पोटाचं इंजिन

लग्नानंतर वर्षभरात यांनी शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या पडवीत स्वतःचं गॅरेज काढलं. तोवर ते दुसऱ्याच्या हाताखाली विहिरीवरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करत. पडवीत उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी होती. मी बाहेर फारशी जात नसे, पण खिडकीतून सगळं दिसायचं.

पहिलं मोठं काम आलं ते गडहिंग्लजच्या गुरांच्या डॉक्टरांचं. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली मिलिटरीची मोटरसायकल होती. आजऱ्याच्या पलीकडं गाडीवाटेनं जाताना इंजिनाचं पोट दगडावर आपटून फुटलं, ऑइल सांडलं आणि इंजिन जाम झालं. आता दुसरं इंजिन बसवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे जमलं तर आमच्या दवाखान्याच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडं. नाही जमलं तर स्टँडजवळचं मोठं गॅरेज आहेच."

यांनी भंगार बाजारातून दोन इंजिनं आणली. एकाचं ऑइल पहिल्यासारखंच खाली पोटात राहणारं. दुसऱ्याचं ऑइल सीटखालच्या वेगळ्या टाकीत. एक पंप ते इंजिनात सोडणार, दुसरा खाली साचेल तेवढं ओढून परत टाकीत नेणार. याला कारागीर ड्राय संप म्हणत. हे म्हणायचे कोरडं पोट.

दोन दिवस यांचं ठरेना. शेवटी यांनी दोन्ही इंजिनं आळीपाळीनं दोरीनं गाडीच्या चौकटीत टांगली आणि खालून दगड म्हणून आमचा वरवंटा सरकवून बघितला. पहिल्याखाली तो अडकला, दुसऱ्याखालून सहज गेला.

"हेच बसवायचं," हे म्हणाले.

"बसव की," माझ्या सासूबाई, आत्याबाई, आतून ओरडल्या. "पर माझा वरवंटा दे आदी. चटणी तशीच पडलीया."

तांबटाकडून टाकी करून आणली, नळ्या जोडल्या, इंजिन सुरू झालं. हे दिवसभर गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं झाकण काढलं तर ऑइल निम्म्यावर. यांनी वरून भरलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. "कुठंतरी गळतंय," असं म्हणत यांनी सगळ्या नळ्या आवळल्या आणि टाकी काठोकाठ भरली. त्याच दिवशी डॉक्टर आले.

इंजिन सुरू केलं तसा निळसर धूर निघाला. चार मिनिटांत टाकीचं झाकण उडालं आणि ऑइल डॉक्टरांच्या पांढऱ्या विजारीवर आलं.

"गळतंय म्हणता आणि वरून ओसंडतंय," डॉक्टर म्हणाले. "काय ते एक ठरवा."

यांनी इंजिन बंद केलं. मान वर करेनात. "साहेब, पंपच खराब हाय. उद्या ह्ये इंजिन काढतो आन् दुसरं बसवतो."

मला राहवेना. पडवीची जमीन मी दिवसाआड शेणानं सारवत असे. ऑइलचा थेंब पडला तर तिथं काळा डाग उठतो आणि सारवलं तरी दिसतो. गाडीखालची जमीन तर मी त्याच सकाळी सारवली होती. तेव्हा एकही डाग नव्हता. मग ऑइल बाहेर गेलंच नव्हतं. पण परक्या माणसासमोर बोलायची माझी छाती नव्हती. मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं.

आत्याबाईंनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "आरं, सून म्हणती सकाळी भुईवर थेंब नव्हता! मग गळतंय कुठं? तुझ्या डोक्यात?"

यांनी खाली वाकून जमीन बघितली. मग परात मागितली, ती इंजिनाखाली धरली आणि पोटाखालचा बोल्ट सैल केला. भळाभळा ऑइल आलं.

"च्यायला," हे हळूच म्हणाले. "टाकी वर, पोट खाली. उभ्या गाडीत आईल पंपातनं झिरपून पोटात उतरतंय. सुरू केलं की दुसरा पंप त्येच परत टाकीत नेतोय. आन् मी वरनं आनखी वततोय!"

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पंप चांगला आहे?"

"पंप चांगलाच हाय की. मीच घाई केली. उद्या सकाळी या, डोळ्यानं बघा."

त्या संध्याकाळी खराट्याची एक काडी मी खिडकीतून दिली. टाकीत जेवढं ऑइल ठेवलं तिथं यांनी काडीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांसमोर काडी खुणेच्या निम्मीच भिजली. काहीही न भरता गाडी सुरू केली. डॉक्टर या वेळी चार हात लांब उभे राहिले. थोड्या वेळानं काडी पुन्हा बुडवली. ऑइल बरोबर खुणेवर होतं.

"आदी चालू करायचं, मग मापायचं," यांनी डॉक्टरांना दोनदा बजावलं आणि काडी त्यांच्या खिशात खोचली.

पावसाळा संपल्यावर डॉक्टर आले. मागं दवाखान्याची आणखी एक गाडी होती. यांनी बसवलेल्या इंजिनाच्या पोटावर चिखल होता, पण ओरखडा नव्हता. त्यांनी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि खिडकीकडं बघून म्हणाले, "वहिनी, हे जमीन बघणाऱ्यांसाठी."

मी पदर सारखा केला आणि आत सरकले. त्या दिवशी भात मऊसूत झाला होता. हे जेवताना म्हणाले, "नवीन गाडी आली हाय. उद्या सकाळी सारवायच्या आदी खालची भुई बघ."